आज्जीच्या ओव्या आणि संगणकाची शिट्टी

आमच्या घरात एक जुनी कॅसेट आहे. एका बाजूला आज्जीच्या जात्यावरच्या मराठी ओव्या, दुसऱ्या बाजूला तिचीच कन्नड बीसुव पदं. गोकाकची लेक बेळगावची सून झाली, दोन्ही भाषा तिच्या ओठांवर सारख्याच नांदल्या. फीत आता झिजत चालली, म्हणून मुलाने ती संगणकावर उतरवायला घेतली. बाजारातून यूएसबीचं छोटं साउंड कार्ड आणलं. ऐकतो तर काय, आज्जीच्या मागे एक बारीक शिट्टी सतत चालू!

"आई, फीतच खराब झालीय," मुलगा म्हणाला. मग टेप बंद ठेवून नुसतंच रेकॉर्डिंग करून पाहिलं. शिट्टी तशीच! म्हणजे बिचाऱ्या आज्जीच्या फितीचा काही दोष नव्हता.

संगणक अशा साध्या कार्डाशी सेकंदाला १००० वेळा संवाद साधतो. कार्डाला ५ व्होल्टची वीजही त्याच वायरीतून मिळते. प्रत्येक वेळी वीज किंचित हिंदकळते. कार्डात ती नीट गाळली गेली नाही, तर १०००, २०००, ३००० हर्ट्झचे सूर रेकॉर्डिंगमध्ये शिरतात. माणसाचा आवाजही याच टापूतला. लॅपटॉपच्या चार्जरमुळे येणारी घुमघुम वेगळी. ती बहुधा विजेच्या ५० हर्ट्झची असते.

"नंतर सॉफ्टवेअरने साफ करू की," असं वाटतं खरं. पण आम्ही तसं केलं तेव्हा शिट्टीबरोबर जात्याची घरघर गेली आणि आज्जीचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. तेव्हा घाण आत येऊच न देणं बरं.

त्यासाठी एवढं करा. आधी टेप जोडून, पण न चालवता, एक मिनिट रेकॉर्ड करा आणि आवाज वाढवून ऐका. घुमघुम असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवाशी खेळ होईल. शिट्टी असेल तर मधला हब काढून कार्ड थेट संगणकाला लावून पाहा. कार्ड घेताना 'लाइन-इन' आहे का ते विचारा. सी-मीडियाच्या सीएम१०८ सारख्या चिपमध्ये रेकॉर्डिंगची वाट एकच, तीही माइकसाठी; टेपचा जोरकस आवाज तिथे फाटतो. आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असेल तर बंद ठेवा, नाहीतर दोन ओव्यांमधल्या शांततेत खरखर उसळते.

एवढं करूनही शिट्टी राहिली, तर लाइन-इन असलेला, बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्डर कुणाकडून मागून आणा. रेकॉर्डिंग करताना संगणक मध्ये नसतोच. फाइल नंतर उतरवून घ्यायची.

आम्ही शेवटी तेच केलं. परवा सगळे बसून ऐकलं. शिट्टी नाही. जात्याची घरघर आहे, मध्येच कुणीतरी "अव्वा, साकु" म्हणतंय, आणि आज्जी काही थांबत नाही.

तुमच्याही कपाटात अशी कॅसेट असेल. फीत आणखी झिजण्याआधी बाहेर काढा. पण आधी ते एक मिनिट शांतता ऐका.