अडकलेला ऑईल फिल्टर आणि पान्याची निवड

जयगड परिसरात गेल्या पंधरा-वीस वर्षांत चाके फार वाढली. वीज प्रकल्प उभा राहिला, २००९ साली बंदर सुरू झाले, खाडी ओलांडून तवसाळला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट चालू झाली. आपल्या वाड्यांतील कितीतरी तरुणांनी कर्ज काढून पिकअप, टेम्पो, रिक्षा, जुनी मोटार घेतली. कोणी मासळी वाहतो, कोणी चिरा-वाळू, कोणी गणपतीपुळ्याचे प्रवासी. घरचा हप्ता, मुलांची फी आणि म्हाताऱ्यांची औषधे त्या एका इंजिनावर चालतात. म्हणून या सदरात आज आम्ही एका लहानशा वस्तूबद्दल लिहिणार आहोत. विषय गॅरेजचा असला तरी प्रश्न घरखर्चाचा आहे. माता-भगिनींनीही तो वाचावा, कारण घरातली वही बहुधा त्यांच्याच हाती असते.

वस्तू म्हणजे अडकलेला ऑईल फिल्टर काढण्याचा पाना.

आपली पोरे आता तेल घरीच बदलतात. ही चांगली गोष्ट आहे, मजुरी वाचते आणि हाताला काम कळते. परंतु पुष्कळदा असे होते की चेंबरचा नट सुटतो, काळे तेल निघते आणि फिल्टर मात्र हलत नाही. हात घसरतात, चिंधी लावून पाहतात, शेवटी कोणीतरी म्हणतो, "राहू दे, तेल बदललंय ना, फिल्टर पुढच्या वेळी बघू." नुकसान इथूनच सुरू होते.

इंजिनात फिरणारे तेल या डब्यातून गाळून पुढे जाते. धातूचा कीस, काजळी आणि मळ आतल्या कागदी घड्यांत अडकतो. घड्या भरल्या की तेल अडू नये म्हणून एक झडप उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात जाऊ लागते. बहुतेक गाड्यांत ही सोय फिल्टरमध्येच किंवा इंजिनात केलेली असते. तेल अजिबात न मिळण्यापेक्षा मळके तेल बरे, एवढाच तिचा हेतू आहे. म्हणजे नवे तेल ओतले आणि जुना फिल्टर तसाच ठेवला, तर त्या डब्यातले जुने तेल नव्यात मिसळते आणि मळ बेअरिंगपर्यंत पोचतो. वर्षा-दोन वर्षांनी इंजिन खोलायची वेळ येते. त्या खर्चात असे पाने पेटीभर आले असते. शिवाय गाडी उभी राहते त्या दिवसांचा हप्ता बँक माफ करीत नाही.

तो अडकतो का?

पुष्कळांना वाटते की आटे गंजले. तसे क्वचितच असते, कारण आटे आतल्या बाजूला तेलात भिजलेले असतात. धरून ठेवते ते रबरी पॅकिंग. फिल्टर बसवताना त्याला तेलाचा हात लावला नाही किंवा पान्याने गच्च आवळला, की इंजिनाच्या उष्णतेने ते रबर धातूला चिकटून बसते. म्हणून गंज सोडवणारे औषध कितीही फवारले तरी त्याचा उपयोग थोडाच होतो. ते रबर ओलांडून आत जात नाही.

आपल्याकडे यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. डब्याचा रंग उडतो, पत्रा गंजून पातळ होतो. बाहेरून धड दिसणारा डबा पाना लावताच चेपतो किंवा फाटतो. मच्छीमार नौकांच्या इंजिनांना हे जास्त लागू आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्याला ओढलेली असते, इंजिन थंड पडलेले असते आणि हंगाम सुरू होताना फिल्टर हलता हलत नाही. बंदीआधीच तेल आणि फिल्टर बदलून ठेवणारा नाखवा शहाणा समजावा.

तिसरे कारण फारसे कोणी ध्यानात घेत नाही. फिल्टर उलट्या दिशेने फिरवला जातो. फिल्टरच्या बंद तळाकडे पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला म्हणजे तो सुटतो. गाडीखाली झोपून वर पाहणाऱ्याला हे बरोबर कळते. पण बॉनेटमधून वाकून हात घालणाऱ्याला तोच फिल्टर पाठीकडून दिसतो, दिशा उलटी वाटते आणि तो सोडण्याऐवजी आणखी आवळतो. बळ लावण्यापूर्वी नव्या फिल्टरच्या आट्यांवर बोट फिरवून दिशा नक्की करावी.

पाने कोणते?

लांब दांड्याचा फायदा हिशेबाने समजून घेऊ. साडेसात सेंटिमीटर जाडीचा डबा हाताने फिरवताना आपले बळ मध्यापासून पावणेचार सेंटिमीटरवर पडते. वीस सेंटिमीटरचा दांडा लावला तर तेच बळ सुमारे पाचपट काम करते. मात्र दांड्याच्या दुसऱ्या टोकाने डबा घट्ट धरला पाहिजे. प्रत्येक पाना तो आपापल्या रीतीने धरतो.

पट्टा पाना : दांड्याला कापडी, रबरी किंवा पोलादी पट्टा असतो. लहान-मोठ्या अनेक डब्यांना चालतो आणि स्वस्त असतो. परंतु डब्याच्या बाजूने दांडा फिरवायला जागा लागते आणि डबा तेलकट असला तर पट्टा घसरतो. साध्या अडकलेल्या फिल्टरला हा पुरतो.

कप पाना : हा फिल्टरच्या तळावर टोपीसारखा बसतो आणि त्याला रॅचेट लावून फिरवतात. बाजूला जागा नसेल तिथे हाच उपयोगी. तो तंतोतंत मापाचा मात्र हवा. थोडा सैल असला की डब्याच्या कडा झिजतात आणि पुढे काहीच बसत नाही. घेताना व्यासाबरोबर कडांची संख्याही जुळवावी लागते. सर्वांत बरे म्हणजे नवा फिल्टर दुकानात नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहावा.

तीन पायांचा पाना : तळाच्या बाजूने लावायचा, रॅचेटने फिरवायचा. जसजसे फिरवावे तसतसे त्याचे तीन पाय आत दाबले जाऊन डबा पकडतात. एकच पाना अनेक मापांना चालतो. वाडीत वेगवेगळ्या गाड्या असतील तर हा फार कामाचा. मात्र डब्याभोवती पाय जाण्याइतकी मोकळीक हवी, आणि पातळ गंजका पत्रा तो चेपू शकतो.

चेन पाना : साखळी डब्याभोवती गुंडाळून दांड्याने ओढायची. याची पकड फार जबर असते. मोठ्या डिझेल इंजिनांना आणि नौकांना हाच उपयोगी पडतो. डबा चेपतो, पण जुना डबा फेकायचाच असल्याने त्याचे दुःख नाही. नवा फिल्टर बसवायला मात्र हा कधीही वापरू नये.

पकडीसारखा पाना : मोठ्या तोंडाचा, दातेरी. मोकळ्या जागी झटपट काम करतो, अडचणीत निरुपयोगी.

काही नव्या मोटारींत पत्र्याचा डबा नसून प्लॅस्टिकच्या टोपणाखाली कागदी फिल्टर असतो. तिथे साखळी किंवा तीन पाय लावले तर टोपण तडकते. तिथे त्याच मापाचा कप वापरावा. किती आवळायचे ते बहुधा टोपणावरच छापलेले असते.

निवड करताना

तीन प्रश्न विचारावेत. फिल्टरभोवती जागा किती? डब्याचे माप काय? आपल्याकडे गाड्या किती?

माप काढायला दोरा पुरे. दोरा डब्याभोवती एकदा गुंडाळून मोजावा आणि ३.१४ ने भागावे. २४ सेंटिमीटर दोरा लागला तर व्यास साधारण ७.६ सेंटिमीटर, म्हणजे ७६ मिलिमीटर. आठवीतल्या मुलीला हे गणित घालावे. पाठ्यपुस्तकातले वर्तुळ कुठे उपयोगी पडते, हेही तिला दिसेल.

ज्यांच्याकडे एकच गाडी आहे त्यांनी तिच्या मापाचा कप आणि एक साधा पट्टा पाना ठेवावा. जिथे पाच-सहा गाड्या आणि एखादी नौका आहे, तिथे तीन पायांचा एक आणि चेनचा एक असे दोन घेतले की भागते. प्रत्येकाने वेगळा घेण्याचे कारण नाही. वर्षातून दोन-तीनदा लागणारी वस्तू प्रत्येकाच्या घरी गंजत पडणे हा पैशाचा अपव्यय आहे. गावच्या मंडळाने एक अवजारपेटी करावी, वही ठेवावी आणि नेणाऱ्याची सही घ्यावी. मुंबईच्या मंडळातील बांधवांनाही सांगता येईल. मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट ही हत्यारांची जुनी पेठ आहे. मे महिन्यात येणारा चाकरमानी खाऊबरोबर एक पाना सहज आणू शकेल.

काढताना

इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट रबर लवकर सुटते. परंतु तापलेल्या इंजिनाखाली हात घालू नये, उकळते तेल अंगावर आले तर हात कायमचा भाजतो. डबा हाताला सोसवेल एवढा निवू द्यावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. खाली भक्कम आधार द्यावा, चाकांना दगड लावावेत. हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण घरातला कमावता माणूस फिल्टरपेक्षा फार मोलाचा आहे.

डबा कोरडा पुसावा. पट्टा किंवा साखळी इंजिनाच्या जवळच्या टोकाला लावावी. तिथे आत जाड पत्रा असल्याने डबा चेपत नाही. पट्टा घसरत असेल तर पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून मध्ये घालावा. झटके देऊ नयेत, सारखा ताण देत राहावे. एकदा रबर सुटले की पुढे हातानेच फिरतो.

डब्यात पेचकस ठोकून फिरवण्याची पद्धत सर्वत्र प्रसिद्ध आहे. ती आम्ही शिफारस करणार नाही. पत्रा फाटतो, तेल अंगावर येते आणि डबा निघून बूड तेवढे इंजिनाला चिकटून राहते. तशी वेळ आलीच तर बुडाच्या कडेला छिन्नी लावून सुटण्याच्या दिशेने हळूहळू ठोकतात. पण ते काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे. इंजिनाकडचा गुळगुळीत भाग ओरखडला तर नवा फिल्टर कायम गळेल.

पुन्हा अडकू नये म्हणून

जुने पॅकिंग डब्याबरोबर निघाले की नाही हे बोट फिरवून पाहावे. ते इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर दुसरे बसवले, तर चालत्या गाडीत तेल उडून इंजिन जाम होते. जागा पुसून घ्यावी, नव्या पॅकिंगला स्वच्छ तेलाचे बोट लावावे. रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण वळसा द्यावा. डब्यावर वेगळे छापले असेल तर ते मानावे. बसवायला पाना घेऊ नये. जो पान्याने आवळतो तो पुढच्या वेळी पान्यासाठी धावतो.

मग तेल भरून इंजिन चालू करावे, तेलाचा दिवा काही सेकंदांत विझतो का आणि कुठे गळते का ते पाहावे. बंद करून थोड्या वेळाने काठीने तेलाची पातळी बघावी. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावे. हे काम घरातल्या गृहिणीकडे दिले तर विसरले जाणार नाही.

काळे तेल पऱ्यात, विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नये. तेच पाणी आपण पितो आणि तीच मासळी आपण विकतो. फिल्टर पालथा घालून निथळू द्यावा, तेल डब्यात साठवून ते परवानाधारक घेणाऱ्याकडे पोचवणाऱ्या गॅरेजला द्यावे. वापरलेले तेल सतत कातडीला लागणे अपायकारक आहे, तेव्हा हातमोजे वापरावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. गॅरेजमध्ये मदतनीस म्हणून राबणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

रत्नागिरी आपल्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एका पान्यावाचून गाडी उभी राहिली तर तो दिवस गेला, धंदा गेला आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याकडे गेले. ज्या वाडीत अवजारपेटी होईल तिथल्या कार्यकर्त्यांनी पेटीची वही व्यवस्थित ठेवावी आणि वर्षअखेरीस सर्वांसमोर वाचून दाखवावी. पाना कोणी नेला, कधी परत दिला आणि त्यावर कोणाचे किती दिवस वाचले, हे सर्वांना कळले की पुढच्या हत्याराची वर्गणी मागावी लागणार नाही.