कागद तपासला, भाषा नाही विचारली

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली-भामरागडच्या रानात पहिलीला बसलेले मूल घरी माडिया बोलते. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्यात बंगाली, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरावर कोलामी. या मुलांपुढे कोणी उभे राहावे हे ठरवायला आपण दारामागून दारे बांधली. बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात, पदवीधरांना बी.एड. त्यापुढे दीडशे गुणांची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, मग दोनशे गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल. नेमणूक मिळाली की तीन वर्षे शिक्षणसेवक. यातल्या एकाही दारात उमेदवाराला कोणी विचारत नाही की, बाबा, तुझ्या वर्गातले मूल रडत काय सांगते ते तुला कळेल का?

टीईटी मराठीखेरीज उर्दू, हिंदी, बंगाली, तेलुगू माध्यमांतून देता येते. गोंडीतून किंवा माडियातून नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 शक्य तितके मातृभाषेतून शिकवा असे सांगते. त्याच कायद्याच्या आधाराने टीईटी सक्तीची झाली. सक्ती आपण उचलली आणि मातृभाषा कागदावरच ठेवली.

1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित हवेत, असा त्यांचा आग्रह होता. पण त्याच दमात त्यांनी ते शेतकरी वर्गातून घ्यायला सांगितले: लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे, नांगराच्या मुठीला हात लावायला न लाजणारे. त्यांच्या मागणीत प्रशिक्षण आणि आपलेपणा या गोष्टी वेगळ्या नव्हत्या. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्यांच्या मागणीतला अर्धा भाग गाळतो.

हा दोष एकट्या सरकारचा नाही. डी.एड.ची विद्यालये जागोजागी निघाली, कारण आपल्याला शिक्षक नको होते, नोकऱ्या हव्या होत्या. जमिनीचा तुकडा विकून पोराला डी.एड. केले, संस्थाचालकाच्या हातात डोनेशन ठेवले, नोकरी लागताच लग्नाच्या बाजारात त्याचा भाव वाढवला. 2 मे 2012 नंतर भरती थांबली, तेव्हा लाखमोलाची पदविका घेतलेली पोरे घरी बसली आणि विद्यालयांना कुलपे लागली. पुढे 2019 च्या टीईटीतला गैरप्रकार उघड झाला. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली, साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. लाचेचे पैसे कोणाच्या घरांतून गेले? मुलगा मास्तर व्हावा म्हणून लाच मोजणारे आईबाप कोणत्या परग्रहावरून आले नव्हते. ते तुमच्याआमच्यातलेच होते.

आणि गडचिरोली? ‘आतल्या भागात’ नेमणूक झाली की घरी सुतक लागल्यासारखी शांतता पसरते. चंद्रपूर-नागपूरला घर, मुले तिथल्या इंग्रजी शाळेत, आणि पहिल्या दिवसापासून बदलीचा ध्यास. पुढारी कर्मचाऱ्याला ‘गडचिरोलीला पाठवीन’ अशी धमकी देतो, तेव्हा ऐकणारे हसतात. एका जिल्ह्याच्या मुलांना तुम्ही शिक्षा समजता आणि त्यांनी तुमच्याकडून शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा ठेवता! पाड्यावर वर्षानुवर्षे राहून माडिया शिकलेले शिक्षकही आहेत, हे मी जाणतो. पण त्यांच्या त्या विद्येची नोंद करायला सेवापुस्तकात रकाना नाही.

परवाना नकोच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आदिवासी मुलाला कसाही अर्धाकच्चा मास्तर चालतो, हा विचार तर आणखी मोठा अपमान आहे. वस्तीशाळांच्या वेळी आपण तो केला आहे. गावातलीच शिकलेली मुले तुटपुंज्या मानधनावर राबवली आणि सेवेत घ्यायला 2014 उजाडू दिले. आज पेसा क्षेत्रात तेच. अनुसूचित क्षेत्रातले शिक्षकपद स्थानिक आदिवासी उमेदवारासाठी राखणारी राज्यपालांची अधिसूचना निघाली. प्रकरण न्यायालयात अडकले आणि 2024 मध्ये निवड झालेल्या तरुणांना मानधनावर नेमून वेळ निभावली गेली. ज्याला डी.एड. आहे, टीईटी आहे आणि वर माडियाही येते, त्याच्या वाट्याला तात्पुरती नेमणूक; ज्याला भाषेचा गंध नाही, तो कायम.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावने वाट पाहणे सोडले. ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. शिक्षक आहे पण भाषा नाही, अशा शाळांना मात्र अनधिकृत म्हणणारी नोटीस आजवर निघालेली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत नेमणूक घेणाऱ्याने वर्षभरात गोंडी, माडिया किंवा कोलामीची परीक्षा द्यावी, ज्याला ती भाषा आधीच येते त्याला तिचे गुण भरतीत मिळावेत, तिथल्या डी.एल.एड. विद्यालयांत त्या भाषा शिकवाव्यात आणि शिकवायला गावातल्या जाणत्या बायाबापड्यांना पगार देऊन बोलवावे. यातले काहीही अवघड नाही. अवघड आहे ते त्या बाईसमोर, जिच्याकडे आपण आजवर फक्त मोहफुले आणि तेंदूपत्ता मागितला, विद्यार्थी म्हणून खाली बसणे.