लोह भरले, पण ब-१ कुठे गेले?

तांदळाच्या पोषणमूल्याची आपल्याकडील चर्चा गिरणीच्या दाराबाहेर सुरू होते. आत काय घडते, याकडे ती पाहत नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतील तांदूळ २०२४ पर्यंत फोर्टिफाइड करण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी देऊन १७,०८२ कोटी रुपयांचा खर्च मान्य केला. या पैशातून तांदळाचे पीठ केले जाते, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पुन्हा तांदळासारखेच दाणे पाडले जातात आणि शंभर भाग तांदळात असा एक भाग मिसळला जातो. मूळ दाण्यात काय होते आणि ते कोणी काढले, हा प्रश्न या साऱ्या व्यवहारात अनुच्चारित राहतो.

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा. ते निघालेच पाहिजे. त्याखालचा कोंड्याचा पातळ थर आणि अंकुर मिळून जेमतेम आठ-दहा टक्के भरतात. पण तेल, तंतू आणि ब-गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा साठा तिथेच असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम बिनपॉलिशच्या तांदळात थायमिन, म्हणजे ब-१, ०.२७ मिलिग्रॅम आहे. पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात ते ०.०५ उरते. ऐंशी टक्क्यांहून अधिक घट! नायासिन ३.४० वरून १.६९ वर येते. जे राहते त्यातले आणखी काही तांदूळ धुताना आणि पेज ओतून देताना वाहून जाते.

लोहाची कथा मात्र निराळी आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बिनपॉलिशच्या तांदळातही लोह १.०२ मिलिग्रॅमच असते. पॉलिशनंतर ते ०.६५ होते. फोर्टिफिकेशनने त्यात सुमारे २.८ ते ४.२५ मिलिग्रॅमची भर पडते. तेव्हा ‘ब्राउन राइस खा, रक्तक्षय जाईल’ हा महागड्या पाकिटांवरचा सूर निराधार आहे. कोंड्यातील फायटेट तर लोहाच्या शोषणात अडथळाच आणते. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ धोरणकर्त्यांना अडचणीचा आहे. गिरणी सर्वांत निर्दयपणे हिरावते ते ब-१, आणि सक्तीने परत घालायच्या तीन घटकांत ब-१ नाही. फोर्टिफिकेशन म्हणजे गिरणीने केलेल्या नुकसानीची भरपाई, हा समज म्हणूनच खोटा आहे.

उलट सरकारी खरेदीचे निकष पॉलिशच्याच बाजूचे आहेत. ज्या दाण्याच्या पृष्ठभागाच्या पाव भागाहून अधिक भागावर कोंडा शिल्लक आहे, तो त्या निकषांत दोष म्हणून मोजला जातो आणि अशा दाण्यांवर मर्यादा आहे. भरडाईनंतरचा कोंडा गिरणीमालकाकडेच राहतो. त्यातून तेल निघते, उरलेला भाग जनावरांच्या खाद्यात जातो. पोषणाची चिंता वाहणाऱ्या शासनाचेच हे निकष!

यावर ठरलेले उत्तर येते : कोंड्यासह तांदूळ टिकत नाही, तो शिजायला वेळ लागतो आणि लोकांना मऊ, पांढरा भात हवा असतो. पहिला मुद्दा खरा आहे. तूस काढताना कोंड्याचा थर दुखावतो, त्यातील लायपेज हे विकर तेलावर काम करू लागते आणि काही महिन्यांत तांदूळ खवट होतो. गोदामात वर्षभर पडून राहणाऱ्या धान्याला हे परवडणारे नाही. दुसराही खरा, कारण कोंड्याचा थर पाण्याला आत शिरू देत नाही. परंतु या दोन्ही अडचणींवरचा तोडगा देशाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तो म्हणजे उकडा तांदूळ. भात तुसासकट भिजवून वाफवले की ब-१ दाण्याच्या आत सरकते, पिष्ट घट्ट होऊन भेगा बुजतात आणि कणी कमी पडते. नंतर पॉलिश केले तरी ब-१ ०.१७ मिलिग्रॅम राहते, म्हणजे कच्च्या तांदळाच्या तिपटीहून अधिक. भात थोडा उशिरा शिजतो हे खरे, पण तो मोकळा होतो. केरळ, तमिळनाडू, बंगाल आणि आपल्या कोकण-गोव्यातही तो पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खाल्ला जातो; ‘लोकांना हवा असतो’ म्हणताना हे लोक हिशेबात धरलेले नसतात. त्याला येणाऱ्या वासाची तक्रारही जुनीच; म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५०च्या दशकातच गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत विकसित करून त्यावर मार्ग काढला. इंधन आणि पाणी जास्त लागते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे.

इतिहासाची साक्षही हीच. मद्रास इलाख्याच्या उत्तरेकडील तेलुगू किनाऱ्यावर, जिथे गिरणीचा कच्चा तांदूळ खाल्ला जाई, बेरीबेरी ठाण मांडून होता. उकडा तांदूळ खाणाऱ्या तमिळ मुलखात तो तसा नव्हता. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक ॲक्रॉइड यांनी सहकाऱ्यांसह १९४० मध्ये या तांदूळप्रश्नाची सविस्तर मांडणी केली. त्याच प्रयोगशाळेची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. हातसडीला संरक्षण देऊ पाहणारा भातगिरण्यांच्या नियमनाचा १९५८चा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, मुसळाखाली बायकांचे खांदे झिजत होते.

आज मुसळाकडे परतण्याची गरजही नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या फोर्टिफाइड तांदळाच्या मानकांत ऐच्छिक घटकांच्या यादीत ब-१ आधीपासूनच आहे : किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम. जिथे कच्चा तांदूळच वाटायचा आहे तिथे हा ऐच्छिक घटक सक्तीचा करावा, जिथे उकडा खपतो तिथे त्याची खरेदी वाढवावी आणि कोंडा उरलेल्या दाण्याला दोष मानणारा निकष पोषणतज्ज्ञांसमोर पुन्हा तपासणीस ठेवावा.