आयते कशाला म्हणावे?

संगणकावरून नमुना उतरवून घ्यायचा, छापायचा, कापायचा आणि चिकटवायचा. यात कला ती कसली, असे विचारणारे रसिक आमच्यात पुष्कळ झाले आहेत. अक्कल नमुना आखणाऱ्याची, मेहनत छापयंत्राची. उरली कात्री, आणि कात्री काय, पोरेटोरेही चालवतात! शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून हीच मंडळी बसतात. बाजारातून विकत आणलेल्या प्लास्टरच्या किल्ल्यापुढे ती कौतुकाने थांबतात, आणि एखाद्या पोराने नासाच्या नमुन्यावरून चार रात्री खपून उभे केलेले कागदी कॅसिनी यान ‘इंटरनेटवरचे दिसते’ म्हणून बाजूला सारतात.

असेल इंटरनेटवरचे. मग? घनाकृती उलगडून कागदावर आखून देण्याची रीत ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५२५ सालच्या भूमितीच्या ग्रंथात आहे. तेव्हा नमुना छापखान्यातून आला, आज तारेवरून येतो, फरक वाहतुकीचा. बंदिशही गुरूकडून आयतीच मिळते, पण गवयाला कोणी नकल्या म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मुख्य अडचण अशी की नमुना सपाट असतो आणि वस्तू सपाट नसते. चौकोनी घर कोणीही उभे करील. गोल घ्या. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याविना सपाट होत नाही, हे गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केले. आणि कागद तर ताणून घेतच नाही. तेव्हा नमुनाकार गोलाच्या पाकळ्या पाडतो आणि त्यांना बाक देण्याचे काम तुमच्या बोटांवर सोपवून मोकळा होतो. तो बाक कोणत्याही रेघेत छापलेला नसतो. कागदाला तंतूंची दिशा असते. तिला धरून वळवला तर निमूट वळतो, आडवा वळवू गेलात तर मोडतो. घडीची रेघ आधी शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्यावी लागते; कमी दाबली की कड वाकडी, जास्त दाबली की कागद उसवला. जाड कागदाची बारीक नळी होत नाही, पातळ कागद गोंदाने फुगतो. एकाच नमुन्यावरून दोघांनी केलेली याने शेजारी ठेवा. एक ताठ उभे असते, दुसरे लंगडत असते. हा फरक छापयंत्राने केला काय?

परीक्षकमहाशयांनी पुढल्या प्रदर्शनाआधी एक कागदी गोल स्वतः करून पाहावा. नमुना फुकट मिळतो. सगळ्या पाकळ्यांची टोके जिथे एकत्र येतात तिथे हमखास भोक राहते. ते आपण कसे बुजवले, हे त्या पोराला दाखवावे.