न फिरलेल्या नाण्यांची बाजू

नाण्यांतले दर्दी म्हणून जबलपुरात मिरवणाऱ्या एका गृहस्थांनी हल्ली नवाच धर्मोपदेश आरंभला आहे. सरकारी टांकसाळीचे स्मारक संच घेणारे लोक नाणी जमवत नाहीत, मखमली डब्या जमवतात, असे ते म्हणतात. त्यांचे मुद्दे तीन. सरकार या संचांवर नफा कमावते. विकायला गेले की पदरी निराशा येते. आणि ही नाणी कधी बाजारात फिरत नाहीत, म्हणून ती नाणीच नव्हेत. खरा संग्राहक कोण? तर जो जबलपूरजवळच्या तेवर-तिलवाऱ्याच्या मातीतला हिरवट तांब्याचा तुकडा उचलतो आणि त्यावरची ब्राह्मी अक्षरे लावून तिथल्या प्राचीन त्रिपुरी नगरीचे नाव वाचतो. हे वाक्य म्हणताना त्यांचे डोळे आपोआप मिटतात.

पहिले दोन मुद्दे झटपट निकालात काढू. टांकसाळीतून नफा न काढणारा राजा गृहस्थांनी दाखवावा, आम्ही त्याच्या नावाने स्मारक नाणे मागू. दुसरे, नफ्यासाठी घेणाऱ्याने हे संच घेऊच नयेत. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी काढलेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आहे आणि त्यात चांदी निम्मीच; बाकी ४० टक्के तांबे, निकेल व जस्त ५-५ टक्के. चांदीच हवी असेल तर सराफ्याचा रस्ता मोकळा आहे.

आता तिसरा मुद्दा, ज्यावर गृहस्थांचा सारा डोलारा उभा आहे. फिरले नाही, म्हणून नाणे नव्हे!

मग समुद्रगुप्ताच्या अश्वमेध प्रकारच्या सुवर्णमुद्रांचे काय करायचे? यज्ञानंतर दक्षिणा देण्यासाठी त्या पाडल्या, असे अभ्यासक मानतात. भाजी घ्यायला कोणी त्या नेल्या नसतील. मोगलांनी तर मिरवणुकीत उधळण्यासाठी वेगळी नाणी पाडली आणि त्यांवर 'निसार' असे कोरलेही. दरबारात पेश करायचे नजराणा रुपये निराळेच. जहांगीराची हजार तोळ्यांची मोहोर सुमारे १२ किलोंची होती. ती घेऊन कोण कुठल्या दुकानात गेला? आणि १६७४ च्या राज्याभिषेकाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो शिवरायांचा होन आधी प्रसंगाचा आणि सार्वभौमत्वाचा पुकारा आहे, मग व्यवहाराचे साधन. यांतले एखादे नाणे लिलावात आले, की हेच गृहस्थ पहिल्या रांगेत बसतात. तेव्हा 'हे किती हातांतून फिरले?' असे विचारताना त्यांना कोणी ऐकलेले नाही.

उलट गंमत पाहा. त्रिपुरीच्या कलचुरी गांगेयदेवाचे, बसलेल्या लक्ष्मीचे सोन्याचे नाणे त्यांना प्राणप्रिय आहे. ते योग्यच आहे. चंदेलांनी, गाहडवालांनी त्या नाण्याची नक्कल केली, इतके ते चालले. पण हे नाणे निवडताना गृहस्थ भिंग लावून काय शोधतात? कमीत कमी झिजलेला नमुना! झीज कमी तितका दाम जास्त, हा त्यांच्याच बाजाराचा नियम. म्हणजे फिरणे हा भाषणात गुण आणि खरेदीत दोष. तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदेत रुपया टाकणाऱ्याने तो चलनातून काढलाच. तो रुपया पाण्यात नाणेपण गमावतो आणि घाटावरच्या पोराच्या लोहचुंबकाला चिकटला की परत मिळवतो, असे मानायचे का? नाणे ठरते ते कायद्याने. २०११ च्या नाणे अधिनियमाखाली राजपत्रात त्याचे वजन, व्यास, धातू जाहीर होतात. गृहस्थांचे मत राजपत्रात येत नाही.

फिरण्यावरून दहाच्या नाण्याचा जुना वाद आठवला. स्मारक नाण्यांचे निरनिराळे ठसे पाहून दुकानदार 'हे चालत नाही' म्हणून हात मागे घेत. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की चौदाही प्रकार वैध आहेत. त्या वेळी 'नकली असतील बुवा' म्हणणाऱ्यांत आजचे चलनवादी बरेच होते. स्मारक नाणी फिरायला निघाली तेव्हा त्यांना अडवायचे, आणि मग ती फिरत नाहीत म्हणून नाके मुरडायची!

मग ही नाणी जमवायची कशासाठी? राज्यसंस्थेने कोणाला, केव्हा आठवले याची ती तारीखवार नोंद आहे, म्हणून. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसला सुभाषबाबू अध्यक्ष होते, आजारी होते. गांधीजी राजकोटला होते, इकडे आलेच नाहीत. संग्रहात १९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे नाणे आणि सुभाष जन्मशताब्दीचा दोन रुपयांचा शिक्का शेजारी ठेवा. दोन्ही शताब्द्यांना नाणी निघाली. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचे ३०० रुपयांचे नाणे निघाले. आता तिलवाऱ्याहून पश्चिमेला वाहणाऱ्या याच नर्मदेच्या काठी, महेश्वरच्या टांकसाळीत त्यांच्या काळी पडलेला रुपया आठवा. त्यावर शिवलिंग, बेलाचे पान आणि नाव शाहआलम बादशहाचे. बाईंचे नाव नाही, मुद्रा नाही. जुने नाणे बाई कशी राज्य करीत हे सांगते, नवे आपण त्यांना कसे पाहतो हे. एकट्या जुन्यावर ही तुलना होत नाही.

सगळे संच घ्या, असे मी म्हणत नाही. ज्या प्रसंगाविषयी दोन वाक्ये स्वतः लिहिता येतील तेवढेच घ्यावेत. नवशिक्याने १९६४ च्या नेहरूंच्या रुपयापासून सुरुवात करावी. स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांची सुरुवात तिथूनच झाली आणि तो रुपया आजही सामान्य माणसाच्या खिशाला परवडतो.