आधी भरा, मग बघू!

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, पालकांनो आणि ग्रंथपाल बंधुभगिनींनो,

बी.लिब. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या एका मुलीची गुणपत्रिका तिच्या महाविद्यालयाच्या कपाटात अडकून पडली. शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाला नव्हता, एवढेच कारण. एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपालाची मुलाखत होती. मूळ गुणपत्रिका आणायला सांगितले होते. हिने ऑनलाइन निकालाची प्रिंट पुढे केली, त्यांनी पुढच्या उमेदवाराला आत बोलावले. हप्ता सरकारने थकवला आणि नोकरी हिची गेली. हे अन्यायाचे आहे हे तुम्हाला पटवण्यासाठी पत्रक काढायची गरज नव्हती. तुमच्यापैकी कितीजणांचे कागद अशाच कपाटांत आहेत, हे तुम्हीच जाणता.

हे पत्रक एका सवयीविरुद्ध आहे. ती सवय प्रवेशाच्या खिडकीवर रोज ऐकू येते : "आधी भरा, मग बघू."

नियम काय म्हणतो? शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी वसूल करू नये, अशी परिपत्रके या राज्यात पुन्हा पुन्हा निघाली आहेत. पुन्हा पुन्हा काढावी लागली, यातच ती पुन्हा पुन्हा धाब्यावर बसवली गेली हे आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेत विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे आणि गुणपत्रिका संस्थांनी ठेवून घेऊ नयेत, असे बजावले. खिडकीवर ही अधिसूचना दाखवून बघा. "ते आमच्याकडे आलेलं नाही," हे उत्तर ठरलेले आहे.

हा जाच सगळ्याच विद्याशाखांना आहे, मग ग्रंथालयशास्त्रवाल्यांनी वेगळा गळा का काढावा? कारण आमच्याकडे वर्ष एकच असते. बी.कॉम.च्या मुलाचे पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षी आले तरी पुढे सावरायला अवधी असतो. बी.लिब. एक वर्षाचे, त्यानंतरचे एम.लिब. एक वर्षाचे. (काही विद्यापीठांनी आता दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू केला आहे, खिडकी मात्र तीच आहे.) जुलै-ऑगस्टात प्रवेश. मग महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरण्याची वाट. मग मुदतवाढ, मग आणखी एक मुदतवाढ. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडून राहतो, तिथून समाजकल्याणकडे जातो, तिथून 'त्रुटी' म्हणून परत येतो. त्रुटी काय, तर बँक खाते आधारशी जोडलेले दिसत नाही, किंवा पदवीनंतर चार वर्षे मध्ये गेली त्याचे गॅप सर्टिफिकेट अस्पष्ट स्कॅन झाले आहे. तोवर मार्च उजाडतो. मार्चनंतर उत्पन्नाचा दाखला जुना होतो, आणि परीक्षा तर डोक्यावर आलेलीच असते. पैसे येतात तेव्हा मुलगी विद्यार्थिनी उरलेली नसते.

म्हणजे शिकायला मदत म्हणून जे द्यायचे, ते शिकून झाल्यावर मिळते. तेही कुणाला? ज्याला आधी कुठून तरी पैसे उभे करता आले त्याला. ज्याला ते जमले नाही, तो प्रवेशाच्या दिवशीच गळतो आणि कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही. ही योजना ज्याच्यासाठी काढली, नेमका तोच या पद्धतीने बाहेर राहतो.

आमचे विद्यार्थी कोण आहेत, हेही बघा. अठरा वर्षांची मुले इथे फारशी नसतात. लग्नानंतर सहा-सात वर्षांनी पुन्हा वर्गात बसलेल्या बाया असतात. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात तुटपुंज्या मानधनावर देवघेव सांभाळणारी मुले असतात. त्यांना खिडकीवरचा आणखी एक विनोद ऐकावा लागतो : "तू तर बी.ए. आहेस, परत बॅचलर कशाला?" अहो साहेब, ही पदवी एका पदवीनंतरच घेता येते! एका विषयात एम.ए. झालेल्याने दुसऱ्या विषयात एम.ए. केले तर शिष्यवृत्ती नाही, असा एक नियम आहे. तो बी.लिब.च्या अर्जाला लावून अर्ज परत पाठवणारे महाभाग आहेत, आणि तो चुकीचा लावला हे सिद्ध करायचे काम विद्यार्थ्याचे.

आता आकडे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत 2021 पासून सर्वांत वरच्या गटातल्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता वर्षाला 7000 रुपये. महिन्याला 583. तेही वरच्या गटात. खालच्या गटांचे सांगत नाही. या 583 रुपयांत तालुक्याहून रोज एसटीने या, जेवा, झेरॉक्स काढा, आणि ड्युईच्या दशांश वर्गीकरणाच्या चार खंडांचा विभागात एकच संच, म्हणून मोबाइलवर पानांचे फोटो काढून वर्गीकरण शिका. गेट देऊन एम.टेक.ला गेलेल्याला महिन्याला 12,400 रुपये मिळतात. मिळू देत, त्यांच्यावर आमचा राग नाही. आमच्या विषयात नेट-जेआरएफ मिळाली तर 37,000 मिळतात, पण ती एम.लिब. पार केल्यावर, संशोधनासाठी. महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला 55 टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी हवी, नेट हवी, असे सरकारच म्हणते. पहिल्या पायरीवर 583 आणि शेवटच्या पायरीवर 37,000. मधल्या पायऱ्या ज्याने त्याने घरचे दागिने मोडून बांधायच्या.

उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ती 2013 पासून तिथेच आहे. महिन्याला 20,833 रुपये. घरात एक रिक्षा चालवतो आणि दुसरी मेसमध्ये पोळ्या लाटते, तेवढ्याने हे घर सरकारदरबारी सधन ठरते.

'नो ड्यूज'चा कागद तुम्ही सगळ्यांनी हाताळला असेल. त्यावर ग्रंथालयाचा शिक्का सर्वांत आधी लागतो. बी.लिब.ची मुले प्रात्यक्षिकाच्या नावाखाली देवघेवीच्या टेबलावर बसतात, दाखलनोंदी करतात, पुस्तकांच्या पाठीवर लेबले चिकटवतात, आणि इतरांच्या नो ड्यूजवर शिक्का मारायलाही तीच असतात. या कामाचा छदाम मिळत नाही. शेकडो कागदांवर शिक्के मारलेली मुलगी स्वतःचा कागद घेऊन लेखा विभागात जाते, तेव्हा तिच्यापुढे लाल शाईने लिहिलेले असते : फी बाकी. पुस्तक उशिरा परत आले तर दंड वाचकाला, हे आम्ही शिकवतो. शिष्यवृत्ती उशिरा आली तर दंड कुणाला, हे या खिडकीने शिकवले.

आता आक्षेप. पहिला, संस्थाचालकांचा : "सरकार आमचे पैसे थकवते, आम्ही पगार कुठून द्यायचे?" हे खरे आहे, आणि ते आम्ही शांतपणे मान्य करतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के देते. दोघांचे वेळापत्रक जुळता जुळत नाही. पण थकबाकीदार कोण? सरकार. मग वसुली सरकारकडून करा. निवेदने द्या, न्यायालयात जा, तुमच्या मोर्चात आम्ही सामील होऊ. सरकारची गचांडी धरायची हिंमत होत नाही, म्हणून वीस हजारांत घर चालवणाऱ्याच्या मुलीचा गळा धरायचा, ही कुठली रीत?

दुसरा : "मुले पैसे खात्यात आले की गायब होतात." त्यासाठी स्टॅम्पपेपरवर हमीपत्र घेताच ना? घ्या. पण एकाच मुलीकडून हमीपत्रही, आगाऊ फीही आणि गुणपत्रिकाही? सावकारसुद्धा गहाण एकदाच घेतो.

तिसरा आक्षेप ऐकून मात्र तळपायाची आग मस्तकात जाते : "आता सगळं गूगलवर आहे, ग्रंथपाल हवाय कशाला?" हे बोलणाऱ्याने शेवटचे पुस्तक कधी उघडले, हे विचारून आम्ही पत्रकाची जागा वाया घालवत नाही. चौथा : "नोकऱ्याच नाहीत." पदे तुम्ही भरत नाही म्हणून नोकऱ्या नाहीत. नोकऱ्या नाहीत म्हणून शिष्यवृत्ती वेळेवर नाही. उद्या शिकलेला माणूस मिळत नाही म्हणून पदच रद्द कराल.

शिकतानाच विद्यार्थ्याच्या हातात पैसे देणे जमण्यासारखे नाही, असेही कुणी म्हणू नये. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1962 मध्ये बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले. तिथे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. त्याच रंगनाथन यांनी स्वतःच्या बचतीतले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन पत्नी शारदा यांच्या नावाने या विषयाचे अध्यासन उभे केले. दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच नियमांवर भाषणे ठोकतो, आणि हार घालायला खुर्चीवर चढलेल्या मुलाकडे दुपारी फीचा तगादा लावतो.

आमचे म्हणणे साधे आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचे अर्ज वेगळे काढून आधी तपासा. पहिला हप्ता दिवाळीआधी द्या. प्रात्यक्षिकाच्या तासांना 'कमवा व शिका' योजनेच्या दराने पैसे द्या. आणि हप्ता आलेला असो वा नसो, गुणपत्रिका निकाल लागताच हातात द्या.

विद्यार्थ्यांनो, खिडकीवर तोंडी वाद घालू नका. फी मागितली तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. भरावीच लागली तर पावतीवर 'शिष्यवृत्तीपात्र' असे लिहून घ्या. कागद अडवला तर अर्ज देऊन पोच घ्या आणि तिची प्रत समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात आवक करा. ग्रंथपालांनो, तुम्ही सगळे याच खिडकीतून आत आला आहात. हे पत्रक वाचून घडी घालून ठेवू नका. तुमच्या ग्रंथालयाच्या सूचना फलकावर लावा, आणि कुणी काढले तर दुसरे लावा.