दिवा लागण्याआधी काटा सांगतो



या सदराचे काही वाचक आता अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. टेक्सास राज्यातील अशाच एका कुटुंबाचे पत्र आले आहे. नवरा-बायको आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी खाद्यपदार्थांचा ट्रेलर ट्रकला जोडून बाजारात नेतात. ट्रक जुना आहे, २००१ सालचा डॉज रॅम २५००. इंजिन कमिन्सचे, डिझेलवरचे, आणि गिअरबॉक्स आपोआप गिअर बदलणारा. त्यांचा प्रश्न असा की, गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दाखवणारे मीटर घरच्या घरी बसवता येईल काय, आणि बसवल्यास त्याचा उपयोग काय? मी व्यवसायाने कारकून. तरीही पुस्तिका वाचून व जाणकारांना विचारून जे समजले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

प्रथम शब्दांचा खुलासा. आपल्याकडे ट्रक म्हटले की मोठा मालवाहू ट्रक डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत पुढे केबिन व मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. क्लच न दाबता चालणारा गिअरबॉक्स तेथे जुना आहे. जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणला, तेव्हापासून ही पद्धत तेथे रुजत गेली.

या गिअरबॉक्सचा सारा कारभार तेलावर चालतो. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यातून तेलाच्या माध्यमानेच पुढे जाते. तेच तेल दाबाने क्लचप्लेटा आवळते, दात्यांना वंगण देते आणि उष्णताही वाहून नेते. कन्व्हर्टरच्या दोन बाजूंच्या वेगात फरक असला की आतले तेल घुसळले जाते व तापते. गाडीने वेग धरला की आतील क्लच कन्व्हर्टरला 'लॉक' करतो, घसरण थांबते आणि तापमान उतरू लागते. यास्तव मोकळ्या हमरस्त्यापेक्षा चढावर ओझे ओढत रखडताना, रहदारीत सरकताना आणि ट्रेलर उलटा घेऊन जागेवर लावताना तेल अधिक तापते. बाजारात जागा धरण्यासाठी पंधरा मिनिटे मागे-पुढे करणारे हे कुटुंब नेमके हेच करीत असते.

आता कोणी म्हणेल, डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा आहे, मग मीटर कशाला? दिवा लागतो तो तेल फार तापल्यानंतर. सुमारे १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, तेल सुखात काम करते. २२० अंशांच्या पुढे त्याचा चिकट थर आत बसू लागतो, २४० च्या आसपास रबरी सील कडक होऊ लागतात आणि २६० च्या पुढे क्लचप्लेटा घसरण्याची भीती असते. मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा असा, की तापमान दर २० अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते. १७५ अंशांवर एक लाख मैल धरले, तर १९५ वर पन्नास हजार, २१५ वर पंचवीस हजार आणि २३५ वर साडेबारा हजार. हा ठोकताळा आहे, तंतोतंत माप नव्हे. पण व्याजावर व्याज कसे चढते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यातला धोका लगेच कळेल. मीटरचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास, तर गिअरबॉक्स नव्याने बांधून घ्यायचा तर काही हजार डॉलर. शिवाय ट्रक उभा राहिला की शनिवार-रविवारची कमाईही बंद.

मीटर घेण्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे सेन्सर कोठे बसवायचा. गिअरबॉक्समधून तेल थंड होण्यासाठी बाहेर जाते त्या गरम नळीत सेन्सर बसवला, तर कन्व्हर्टरमधून निघालेल्या तेलाचे तापमान दिसते. ते झटकन चढते आणि झटकन उतरते. खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये बसवला तर एकूण साठ्याचे तापमान दिसते. ते सावकाश बदलते. एकाच क्षणी या दोन जागांच्या आकड्यांत मोठा फरक असू शकतो. वर दिलेले आकडे चेंबरचे आहेत असे समजावे. शेजाऱ्याच्या ट्रकचा काटा २३० दाखवतो म्हणून घाबरू नये आणि आपला १८० दाखवतो म्हणून निर्धास्तही राहू नये. आधी विचारावे, सेन्सर कोठे आहे? या कुटुंबाला माझा सल्ला चेंबरचा. सेन्सरसाठी आटे पाडलेले भोक आणि तेल काढण्याचा बोल्ट असलेले तयार चेंबर बाजारात मिळते. ते घेतले तर भोक पाडणे व वेल्डिंग करणे वाचते.

कामाला हात घालण्याआधी मीटर तपासून घ्यावे. एका जुन्या डब्यात पाणी उकळावे, सेन्सरचे टोक त्यात बुडवावे, सेन्सरच्या धातूला अर्थिंगची वायर जोडावी आणि मीटरला बारा व्होल्टच्या बॅटरीचा पुरवठा द्यावा. समुद्रसपाटीजवळच्या गावी काटा २१२ अंशांच्या आसपास यावा. डेन्व्हरसारख्या उंच शहरात पाणी सुमारे २०२ अंशांवरच उकळते, हे तेथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मग ट्रक सपाट, पक्क्या जमिनीवर उभा करावा, हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. ट्रक उचलावा लागला तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कोणीही जाऊ नये. वजन पेलणाऱ्या घोड्या लावल्याच पाहिजेत. या डिझेल ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, म्हणून दोन्हींच्या ऋण वायरी काढाव्यात. तेल निवल्यावरच चेंबर खोलावे आणि एका कोपऱ्याकडून हळूहळू उतरवावे, म्हणजे तेल अंगावर येणार नाही. चेंबरच्या तळाशी बारीक काळसर भुकटी दिसली तर ती झिजेची. धातूचे तुकडे दिसले तर काम तेथेच थांबवून जाणकाराला दाखवावे. फिल्टर व पॅकिंग नवे घालावे. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. जास्त आवळले की पॅकिंग दबून तेल गळते. जुने तेल गटारात न ओतता ते घेणाऱ्या केंद्रावर द्यावे.

एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते. तेथे टेफ्लॉन टेपचे वेढे दिले तर संपर्क बिघडतो, आणि बहुतेक सेन्सरांत याचा परिणाम म्हणून काटा खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. मीटर नसल्यापेक्षा हे वाईट, कारण माणूस विश्वासाने फसतो. सेन्सरची वायर धुराच्या नळकांड्यापासून दूर न्यावी, जागोजागी बांधावी आणि केबिनच्या पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी बुश बसवावा. मीटरचा पुरवठा चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून, स्वतंत्र लहान फ्यूज घालून घ्यावा. अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला द्यावे. मीटर समोरच्या काचेशेजारच्या खांबावर बसवले तर रस्त्यावरची नजर फारशी न हलवता दिसते.

तेल पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. या गिअरबॉक्सची तेलपातळी तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, 'न्यूट्रल'मध्ये पाहायची असते. हे काम उघड्यावर करावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास विषारी वायू साचून जीव जाऊ शकतो.

ज्यांचा ट्रक नवीन आहे, त्यांनी आधी डॅशबोर्डच्या पडद्यावर हा आकडा मिळतो का ते पाहावे. हमीची मुदत चालू असलेल्यांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा सुटा भाग बसवला एवढ्यावरून हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, तर त्या बिघाडाची भरपाई मात्र मिळत नाही. यास्तव कामाच्या पावत्या व छायाचित्रे जपून ठेवावीत.

मीटर बसले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. खरे काम पुढे आहे. एक वही करावी. तारीख, रस्ता, ट्रेलरचे ओझे, बाहेरची हवा आणि काट्याने गाठलेला सर्वात मोठा आकडा, असे पाच रकाने पाडावेत. चालवणाऱ्याने रस्ता पाहावा, शेजारी बसलेल्याने आकडा टिपावा. पाच-सहा फेऱ्यांत आपल्या ट्रकची रोजची चाल समजते. पुढे तोच रस्ता, तेच ओझे, तीच हवा असताना काटा वीस अंश वर गेला, तर काहीतरी बदलले आहे: तेल कमी झाले असेल, कूलरच्या जाळीत कचरा अडकला असेल किंवा क्लच घसरू लागला असेल. आकडा एकटा असला की मुका असतो. मागचे आकडे शेजारी मांडले की तो बोलू लागतो. खतावणी लिहिणाऱ्या कोणालाही हे पटेल.

आणि वाटेत काटा चढू लागला तर? ओव्हरड्राइव्ह बंद करावा, वेग कमी करावा. तरीही चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबावे. या गिअरबॉक्समध्ये 'पार्क'वर असताना तेल कूलरकडे फिरत नाही. म्हणून हँडब्रेक घट्ट ओढून, चाकांना ठोकळे लावून, चालकाने जागा न सोडता 'न्यूट्रल'मध्ये इंजिन चालू ठेवावे आणि काटा उतरेपर्यंत वाट पाहावी. ग्राहक थोडा वेळ थांबतील. जळालेला गिअरबॉक्स मात्र महिन्याची कमाई गिळून जाईल.

एक सूचना शेवटी. हे काम मुलगा-मुलगी दोघांनाही सोबत घेऊन करावे. बॅटरी एकाने धरावी, पाना दुसऱ्याने, आणि वही आळीपाळीने प्रत्येकाने लिहावी. ज्या वाहनावर घर चालते, त्याची तब्येत घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असून चालत नाही.